एनएचएलमधल्या धोकादायक धडका : शिक्षा कृतीला होते की दुखापतीला?

निळी रेष
आइस हॉकी, त्यातही एनएचएल (उत्तर अमेरिकेची व्यावसायिक लीग) बघणाऱ्यांसाठी हा धागा. मैदानी हॉकीशी गल्लत नको. तिथे अंगावर जाणं हाच फाउल. हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान पाच, लाल म्हणजे खेळ संपला. आइस हॉकीत खांद्याने धडक देऊन पक (रबरी चकती) काढून घेणं नियमात बसतं. धडक दिली एवढ्यावर कोणी दोषी ठरत नाही. ती कुठे बसली, कोन काय होता, समोरच्याकडे पक होता का आणि त्याला धडक येताना दिसत होती का, हे बघावं लागतं.

मॅच चालू असताना रेफरी जी शिक्षा देतो ती एक. त्यानंतर लीगचा 'डिपार्टमेंट ऑफ प्लेयर सेफ्टी' देतो ती दुसरी. हा विभाग २०११ मध्ये ब्रेंडन शॅनहनच्या हाताखाली सुरू झाला, २०१४ मध्ये स्टेफान कँताल आला, २०१७ पासून जॉर्ज पॅरोस आहे. प्रत्येक निलंबनाचा व्हिडिओ काढून कारणं सांगायची पद्धत शॅनहनने पाडली आणि ती आजही टिकून आहे, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्याआधी कॉलिन कॅम्पबेलच्या काळात दोन ओळींचं पत्रक यायचं आणि बाकीचं आपण ताडायचं.

तरी माझी तक्रार आहेच. निलंबन ठरवताना दुखापत झाली की नाही याला फार वजन दिलं जातं. खेळाडूच्या हातात असतो तो स्वतःचा कोन, वेग आणि कोपर. समोरच्याचं डोकं नंतर बर्फावर आपटलं की नाही हे त्याच्या हातात नसतं. मग शिक्षा कशाची मोजायची? जाणकारांनी नियम आणि आकड्यांसकट लिहावं.

मिसिसागाकर
आधी प्रक्रिया नीट मांडतो, कारण अर्धे वाद तिच्याबद्दलच्या गैरसमजातून होतात.

न्यूयॉर्कच्या व्हिडिओ रूममध्ये प्रत्येक मॅच कोणीतरी बघत असतं. शंकास्पद प्रसंग दिसला की सगळ्या कॅमेऱ्यांचे तुकडे कापून विभागातल्या लोकांकडे जातात आणि प्रत्येक जण आपलं मत कळवतो. रेफरीने शिट्टी वाजवली नसली तरी निलंबन होऊ शकतं. उलट रेफरीने मॅच पेनल्टी (सर्वांत कडक शिक्षा, मॅचमधून हकालपट्टी) दिली असेल, तर लीगचा निर्णय येईपर्यंत खेळाडू आपोआप बाहेर राहतो. नियम २८ मध्ये हा सगळा अधिकार आहे.

पुढे सुनावणी. इथे एक शब्द नीट वाचायचा असतो. सुनावणी फोनवर असेल तर जास्तीत जास्त पाच मॅचचं निलंबन होऊ शकतं. सहा किंवा त्याहून जास्त द्यायच्या असतील तर खेळाडूला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावीच लागते. त्याने ती नाकारून फोनवर बोलणं पसंत केलं तरी चालतं, पण संधी दिल्याची बातमी आली की ओळखायचं, विभागाच्या डोक्यात पाचच्या वरचा आकडा आहे किंवा निदान तो रस्ता मोकळा ठेवलाय. बातमीत नुसतं 'सुनावणी होणार' असेल आणि लोक वीस मॅचच्या गप्पा मारत असतील, तर ते वेळ वाया घालवतायत.

सुनावणीला खेळाडू, क्लबचा मॅनेजर आणि खेळाडू संघटनेचा माणूस असतो. लीग आणि खेळाडू संघटनेतल्या करारात बघायच्या गोष्टी लिहिलेल्या आहेत : कृतीचा प्रकार आणि हेतू, समोरच्याला दुखापत, खेळाडूचा पूर्वेतिहास, मॅचमधली वेळ आणि परिस्थिती (सहा गोलांनी हरत असताना शेवटच्या मिनिटाला दिलेली धडक वेगळी वाचली जाते), आणि इतर काही असेल तर ते. म्हणजे निळी रेष, दुखापत मोजायची हे विभागाच्या मनातलं नाही, क्लब आणि खेळाडू संघटना दोघांनी मिळून करारात घातलेलं आहे. ते काढायचं तर करार बदलावा लागेल.

कोपरखळी
दुखापतीला वजन मिळतं हे खरं, पण 'दुखापत झाली म्हणजे निलंबन' हे खरं नाही. ८ मार्च २०११, मॉन्ट्रियल. झ्डेनो चाराने मॅक्स पॅचिओरेटीला मैदानाभोवतीच्या फळीच्या कडेने दाबत नेलं आणि खेळाडूंच्या बाकांमधल्या काचेच्या खांबावर पॅचिओरेटीचं डोकं आदळलं. मणक्याचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला. निलंबन शून्य. चाराला मैदानात इंटरफरन्सचा (पक नसलेल्याला अडवल्याचा) मेजर, म्हणजे पाच मिनिटांची पेनल्टी, आणि मॅचमधून हकालपट्टी मिळाली होती, लीगने त्यावर काही वाढवलं नाही. कारण धडकेचा प्रकार रोजचाच होता, जागा भयंकर होती. मॉन्ट्रियल पोलिसांनी चौकशी केली, आरोप ठेवले नाहीत. पुढच्या सीझनपासून त्या खांबाच्या जागी वळवलेली काच आली, म्हणजे अंग घसरत पुढे जातं, कोपऱ्यात अडकत नाही. त्या एका काचेने जे काम केलं ते कुठल्याही निलंबनाने झालं नसतं.

आता डोक्याच्या धडकेकडे येतो, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

७ मार्च २०१० ला मॅट कुकने मार्क सव्हार्डला नजरेच्या बाहेरून येऊन डोक्यावर मारलं. सव्हार्ड स्ट्रेचरवरून गेला. कुकला एकही मॅच मिळाली नाही, कारण खांद्याने डोक्यावर मारणं तेव्हा नियमात बसत होतं. त्याच महिन्यात, सीझन चालू असताना, लीगला नियम आणावा लागला, आणि पुढे तोच नियम ४८ झाला. सुरुवातीला तो फक्त बाजूने किंवा न दिसणाऱ्या दिशेने आलेल्या धडकेला लागू होता. मग व्याप्ती वाढवली, आणि २०१३ मध्ये आजची भाषा आली : धडकेत डोकं हा संपर्काचा मुख्य बिंदू असेल आणि तो संपर्क टाळता येण्याजोगा असेल, तर मनाई.

दोन्ही अटी एकत्र लागतात. लोक पहिली बघतात आणि ओरडतात. 'टाळता येण्याजोगा' ठरवायला तीन प्रश्न आहेत. मारणाऱ्याने अंगाच्या मध्यातून सरळ धडक द्यायचा प्रयत्न केला होता का, की चुकीची वेळ, चुकीचा कोन किंवा अंग वर-बाहेर ताणल्यामुळे फक्त डोकं टिपलं गेलं? समोरचा आधीच इतका वाकलेला होता का, की एरवी योग्य असलेल्या धडकेतही डोकं चुकवणं शक्य नव्हतं? आणि समोरच्याने ऐन क्षणी डोकं किंवा अंग हलवलं का?

रिप्ले बघताना मी अशा क्रमाने बघतो. पहिल्यांदा खऱ्या वेगात, कारण स्लो मोशनमध्ये सगळंच मुद्दाम केल्यासारखं दिसतं. मग स्लो करून समोरच्याच्या छातीकडे बघा, डोक्याकडे नाही. छाती आणि डोकं एकाच वेळी मागे गेलं असेल तर धडक अंगातून गेली. छाती जागेवर आणि डोकं एकटंच झटक्याने फिरलं असेल, तर डोकंच मुख्य बिंदू. मग मारणाऱ्याचे स्केट. ते बर्फावरून सुटले म्हणजे उडी मारली असं नसतं. संपर्कानंतर जोराने सुटणारे स्केट नेहमीच दिसतात. संपर्काच्या आधी सुटले का तेवढं बघायचं. शेवटी कोपर अंगालगत आहे की वर आलंय.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. नियम ४८ खाली रेफरीला पाच मिनिटांचा मेजर देताच येत नाही. दोन मिनिटं किंवा थेट मॅच पेनल्टी, मधलं काही नाही. त्यामुळे 'एवढी जोराची धडक आणि फक्त दोन मिनिटं?' असं वाटतं तेव्हा रेफरीकडे खरंच दोनच दरवाजे होते. काही वेळा तो मेजर देण्यासाठी त्याच प्रसंगाला कोपर, चार्जिंग (वेगाने धावून येऊन धडक) किंवा इंटरफरन्स म्हणतो.

फळीजवळ
कोपरखळींच्या यादीत बोर्डिंगची, म्हणजे फळीवर आपटण्याची, भर. डोक्यापेक्षा मला नियम ४१ ची जास्त काळजी वाटते, कारण मान मोडण्याचा धोका तिथे आहे.

फळीला अगदी चिकटून उभ्या असलेल्या खेळाडूला धडक बसली तर फार काही होत नाही, फळी त्याचं वजन पेलते. धोक्याचा पट्टा फळीपासून तीन-चार फुटांवर. तिथे पाठमोरा वाकलेला खेळाडू ढकलला गेला की हात पुढे करायला वेळ नसतो आणि डोकं आधी जातं. फळीची उंची साधारण ४२ इंच, म्हणजे वाकलेल्या माणसाचं डोकं नेमकं कठीण फळीवर, वरच्या लवचिक काचेवर नाही.

नियम म्हणतो, समोरचा असहाय स्थितीत नाही ना हे बघायची जबाबदारी धडक देणाऱ्याची. तसं असेल तर धडक टाळा किंवा जोर कमी करा. पण त्यालाच जोडून रेफरीला हेही बघायला सांगितलंय, की समोरच्याने ऐन वेळी पाठ फिरवून स्वतःला धोक्यात घातलं का. या दुसऱ्या वाक्यावर निम्म्या सुनावण्या लढल्या जातात. 'त्याने पाठ फिरवली' हे प्रत्येक खेळाडू म्हणतो. म्हणून व्हिडिओत विभाग नंबर दिसण्यावर भर देतो : धडकेच्या कितीतरी आधीपासून पाठीवरचा नंबर समोर दिसत असेल तर थांबायला वेळ होता, बचाव संपला.

मॅट रेम्पेचं डिसेंबर २०२४ मधलं प्रकरण बघा. मिरो हाइस्कानेनला फळीवर आणि कोपराने, एकाच धडकेत दोन्ही. प्रत्यक्ष सुनावणीची संधी आणि आठ मॅच. त्याच वर्षी मार्चमध्ये योनास सीगेनथालरला कोपर मारल्याबद्दल त्याला चार मिळाल्या होत्या.

खडू
रेम्पेचं नाव निघालंच आहे तर पैशाचं गणित करून दाखवते. निलंबनाची खरी किंमत मॅचच्या आकड्यावरून कळत नाही, भाजक कोणता लावला त्यावरून कळते.

दोन भाजक आहेत. खेळाडू करारातल्या व्याख्येप्रमाणे 'पुन्हा गुन्हा करणारा' नसेल, तर वार्षिक पगार भागिले सीझनचे दिवस, गुणिले निलंबनाच्या मॅच. तो तसा असेल तर पगार भागिले ८२ मॅच. दिवस १८५ ते १९२ च्या आसपास असतात, म्हणजे दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक मॅच सव्वादोन पटीहून महाग पडते.

रेम्पेचा पगार तेव्हा ८,२०,००० डॉलर. मार्च २०२४ मध्ये पहिल्यांदा : ८,२०,००० भागिले १९२ म्हणजे ४,२७०.८३, गुणिले चार, साधारण १७,०८३ डॉलर. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा : ८,२०,००० भागिले ८२ म्हणजे बरोबर १०,०००, गुणिले आठ, ८०,००० डॉलर. मॅच दुप्पट, पैसे पावणेपाच पट.

इथवर ठीक आहे. आता व्याख्या बघा : 'पुन्हा गुन्हा करणारा' हा शिक्का मागच्या निलंबनापासून १८ महिनेच टिकतो. राफी टोरेस. २०११ मध्ये जॉर्डन एबर्लीसाठी चार मॅच, जानेवारी २०१२ मध्ये नेट प्रॉसरसाठी दोन, एप्रिल २०१२ मध्ये मारियन होसासाठी २५ (अपिलात २१), मे २०१३ मध्ये जॅरेट स्टोलसाठी उरलेली अख्खी प्लेऑफ मालिका. मग ऑक्टोबर २०१५ मध्ये सरावाच्या मॅचमध्ये याकोब सिल्फ्वरबर्गच्या डोक्यावर. निलंबन ४१ मॅच, म्हणजे अर्धा सीझन. पण मे २०१३ ते ऑक्टोबर २०१५ हे २९ महिने झाले, शिक्का पुसला गेला. त्यामुळे २० लाख डॉलर भागिले १८६ दिवस, गुणिले ४१ : ४,४०,८६० डॉलर. भाजक ८२ लागला असता तर बरोबर दहा लाख गेले असते. ज्याच्या नावावर एवढी मोठी यादी, त्याला पहिल्यांदा चुकणाऱ्याचा दर.

इथे एक गोंधळ नेहमी होतो तो सोडवते. शिक्का पुसला म्हणून इतिहास पुसला जात नाही. किती मॅच द्यायच्या हे ठरवताना विभाग जुनी प्रकरणं कायम बघतो, म्हणून तर ४१ चा आकडा आला. १८ महिन्यांची मुदत फक्त पैशासाठी आहे. कापलेले पैसे खेळाडूंच्या आपत्कालीन साहाय्य फंडात जातात, क्लबकडे राहत नाहीत.

निळी रेष
खडू, हे कोणीतरी इतकं स्पष्ट लिहायला हवं होतं, आभार. मग प्लेऑफमध्ये काय? तिथे पगारच नसतो ना?

खडू
बरोबर. पगार फक्त मुख्य सीझनचा. प्लेऑफमधल्या मॅच निलंबनात गेल्या तर पगारातून एक डॉलरही कापला जात नाही.

कोलोरॅडोचा नाझेम काद्री, मे २०२१. सेंट लुईसविरुद्ध दुसऱ्या मॅचमध्ये जस्टिन फॉकच्या डोक्यावर धडक, आठ मॅच. त्याआधी टोरांटोकडून खेळताना २०१८ आणि २०१९, दोन्ही प्लेऑफमध्ये त्याचं निलंबन झालं होतं, तिघांत मिळून एकच सवय. कोलोरॅडोने सेंट लुईसविरुद्ध पुढच्या दोन मॅच खेळल्या, मग व्हेगसविरुद्ध सहा खेळून बाहेर पडले. दोन अधिक सहा, आठ. निलंबन प्लेऑफमध्येच फिटलं, पुढचा सीझन पहिल्या दिवसापासून मोकळा, पगार पूर्ण. क्लबला मात्र त्याची उणीव जाणवली, म्हणजे शिक्षा संघाला झाली, खिशाला नाही.

काळा कोट
अपिलांबद्दल लिहितो, कारण 'पॅरोसने दिलं आणि संपलं' असं नाही.

पहिलं अपील कमिशनर गॅरी बेटमनकडे. म्हणजे ज्याच्या हाताखालचा विभाग निर्णय देतो, अपील त्याच्याचकडे. काद्रीचे आठ त्याने कायम ठेवले. टोरेसचे २५ त्याने २१ केले, तेव्हा त्यापुढे जायला वाटच नव्हती. २०१३ च्या करारात ती आली : कमिशनरनंतरही निलंबन सहा मॅच किंवा जास्त उरलं, तर स्वतंत्र लवादाकडे जाता येतं. सहाच्या आत असेल तर कमिशनरचा शब्द शेवटचा.

टॉम विल्सनचं प्रकरण याचं उत्तम उदाहरण आहे. ३० सप्टेंबर २०१८, सरावाची शेवटची मॅच, ऑस्कर सुंडक्विस्ट मधून आत येत शॉट मारतोय, विल्सन चुकीच्या कोनातून येऊन डोकं टिपतो. विभागाचा निर्णय वीस मॅच, कारण १०५ मॅचमधलं हे त्याचं चौथं निलंबन. आधीची तीन निलंबनं अनुक्रमे दोन, चार आणि तीन मॅचची. बेटमनने वीस कायम ठेवले. लवाद श्याम दास यांनी नोव्हेंबरमध्ये ते १४ वर आणले. पण तोपर्यंत विल्सन १६ मॅच बाहेर बसून झाला होता. दोन मॅच फुकट गेल्या, त्या कोणी परत देऊ शकत नाही, पैसे तेवढे मिळाले : जवळपास ३,७८,००० डॉलर. (खडूंच्या पद्धतीने करून बघा : सरासरी ५१.६७ लाख भागिले ८२, गुणिले सहा.)

डेनिस वाइडमनचं तर याहून वाईट. २०१६ मध्ये लाइन्समनला (रेफरीच्या सहायक पंचाला) धडक दिल्याबद्दल वीस मॅच, लवादाने दहा केल्या, तोवर १९ होऊन गेल्या होत्या. म्हणजे अपिलाची वाट आहे, पण ती इतकी हळू चालते की निकाल येईपर्यंत निलंबन बहुतेक संपलेलं असतं. अपील सुरू असताना निलंबन थांबत नाही, यात मला दोन्ही बाजू दिसतात. थांबवलं तर प्रत्येक जण महत्त्वाच्या मॅच काढून घेण्यासाठी अपील करेल. न थांबवता उपाय एकच : लवादाला दिवसांची कडक मुदत.

लवाद सगळं प्रकरण नव्याने चालवत नाहीत, कमिशनरच्या निर्णयाला पुरेसा पुरावा होता का ते तपासतात. काद्रीच्या बाबतीत दास यांनीच आठ मॅच कायम ठेवल्या. म्हणजे लवाद म्हटला की शिक्षा कमी होतेच, असं नाही.

फौजदारी कायद्याचीही एक पायरी आहे आणि ती फार क्वचित चढली जाते. ८ मार्च २००४ ला व्हँकूव्हरमध्ये टॉड बर्टुझीने स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारून बर्फावर पाडलं. मूरचे तीन मणके मोडले आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. बर्टुझीने कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा सशर्त मुक्तता आणि ८० तास समाजसेवा. लीगचं निलंबन प्रत्यक्षात वीस मॅचचं भरलं. मूरचा दिवाणी दावा २०१४ पर्यंत चालला आणि कोर्टाबाहेर मिटला. आणि या सगळ्याची सुरुवात? तीन आठवडे आधी मूरने मार्कस नॅसलंडला दिलेली धडक, जिच्यावर रेफरीनेही काही दिलं नव्हतं आणि लीगनेही.

कोपरखळी
काळा कोट यांनी शेवटी लिहिलंय तेच मला सगळ्यांत जास्त खुपतं. लीगने हिशेब केला नाही की खेळाडू आपला हिशेब करतात.

मे २०२१ घ्या. विल्सनने पावेल बुच्नेविचला बर्फावर पालथा पडलेला असताना ठोसा मारला, मग आर्टेमी पानारिनला आपटलं. पानारिन उरलेला सीझन बाहेर. विल्सनला ५,००० डॉलर दंड, करारानुसार त्याहून जास्त करता येत नव्हता, आणि निलंबन शून्य. दोनच दिवसांनी त्याच दोन संघांची मॅच पक पडता पडताच मारामारीने सुरू झाली, पहिल्या पाच मिनिटांत सहा. मधल्या काळात न्यूयॉर्क रेंजर्सने पॅरोस या पदाला योग्य नाही असं पत्रक काढलं, त्याबद्दल लीगने क्लबला २,५०,००० डॉलर दंड केला.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. पडलेल्या माणसाला मारलं, ५,०००. त्यावर टीका केली, अडीच लाख. २००४ मध्ये बर्टुझी प्रकरणात व्हँकूव्हर क्लबला जो दंड झाला तोही अडीच लाखच होता. क्लबला किंमत मोजायला लावता येते हे लीगला चांगलं ठाऊक आहे. धडकांसाठी ती किंमत का लावत नाहीत, याचं उत्तर मला हवंय.

मिसिसागाकर
पॅरोसबद्दल एक सांगतो. तो स्वतः मारामारी करणारा खेळाडू होता म्हणून त्याला नालायक ठरवणं मला पटत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये अशाच मारामारीत तो तोंडावर आपटून बेशुद्ध पडला होता, डोक्याचा मार म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. माणूस बदलून उपयोग नाही. हितसंबंधांची रचना बघा. २०११ च्या अंतिम मालिकेत आरन रोमने नेथन हॉर्टनला उशिरा धडक दिली तेव्हा कॅम्पबेलचा मुलगा बॉस्टनकडून खेळत होता, म्हणून निर्णय माइक मर्फीकडे द्यावा लागला. रोमला चार मॅच मिळाल्या. निर्णय कदाचित योग्यही असेल, पण लीगचा पगार घेणारा विभाग लीगच्याच क्लबांचा न्याय करतो, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आणि निलंबनाने खेळाडू सुधारत नाही हेही सरसकट म्हणू नका. मॅट कुक. मार्च २०११ मध्ये रायन मॅकडोनाला कोपर मारल्यावर सीझनच्या उरलेल्या दहा मॅच आणि प्लेऑफची अख्खी पहिली फेरी, एकूण १७. त्या सीझनमध्ये त्याची पेनल्टी १२९ मिनिटं होती, पुढच्या सीझनमध्ये ४४. २०१४ मध्ये टायसन बॅरीच्या गुडघ्यावर जाऊन पुन्हा सात मॅच घेतल्या हेही लिहितो, पण मधली तीन वर्षं तो वेगळा खेळला. एक-दोन मॅचच्या निलंबनाने असं झाल्याचं उदाहरण मला तरी सापडत नाही.

निळी रेष
मग उपाय काय? आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा नियम जास्त कडक आहे : डोक्याला किंवा मानेला धडक द्यायला मनाई, दिली की पेनल्टी. एनएचएलने तोच घ्यावा असं मला वाटतं.

फळीजवळ
तत्त्वतः सहमत, पण व्यवहारात दोन अडचणी. एनएचएलचं मैदान २०० बाय ८५ फूट, आंतरराष्ट्रीय मैदान परंपरेने बरंच रुंद. अरुंद मैदानात अंतर कमी, विचाराला वेळ कमी, धडका जास्त. दुसरी अडचण उंचीची. सहा फूट आठ इंचांच्या बचावपटूचा खांदा पावणेसहा फुटाच्या खेळाडूच्या हनुवटीला लागतो, अंग सरळ ठेवूनही. सरसकट नियम केला तर उंच खेळाडूला दर मॅचला पेनल्टी. तरी मी म्हणेन, करा. उंच खेळाडूने गुडघे वाकवायला शिकावं, कोच ते एका उन्हाळ्यात शिकवू शकतात. स्टिकने तोंडाला लागलं तर 'चुकून लागलं' चालत नाही, स्टिक सांभाळणं तुमची जबाबदारी, असा नियम आहेच. खांद्याला वेगळा न्याय का?

रेफरीसाठीही थोडं सोपं झालंय. २०१९-२० पासून मारामारीचा मेजर वगळता बाकी प्रत्येक मेजर आणि मॅच पेनल्टी रेफरी तिथेच टॅब्लेटवर बघून कमी करू शकतो. एप्रिल २०१९ मध्ये सॅन होजे-व्हेगसच्या सातव्या मॅचमध्ये कोडी इकिनला दिलेल्या मेजरवर चार गोल झाले होते, त्यातून हा बदल आला. म्हणजे मैदानात आधी कडक हात उचलायचा आणि मग बघून उतरवायचा, हे आता शक्य आहे. उलटं मात्र करता येत नाही : दोन मिनिटं दिल्यावर बघून मेजर करता येत नाही.

खडू
मी करारात तीन जागी पेन चालवलं असतं. १८ महिन्यांची मुदत काढून टाकायची, डोक्याच्या धडकेसाठी भाजक कायम ८२. प्लेऑफमधल्या प्रत्येक निलंबित मॅचसाठी पुढच्या सीझनच्या पगारातून तेवढीच कपात. आणि ५,००० चा दंड पगाराच्या प्रमाणात, कमाल मर्यादेशिवाय. लाखो कमावणाऱ्याला पाच हजार म्हणजे किती, ते सगळ्यांना कळतं.

दुखापत यादीतून काढा असं निळी रेष म्हणतात, तिथे मी थोडी वेगळी आहे. ती आकडा वाढवायला वापरा, कमी करायला नको. सुदैवाने समोरचा उठून उभा राहिला म्हणून मॅच कमी होता कामा नयेत.

काळा कोट
खडूंच्या तिसऱ्या मुद्द्याला खेळाडू संघटना कधीच हो म्हणणार नाही. मारणारा आणि मार खाणारा, दोघेही तिचेच सभासद. सुनावणीत संघटनेचा माणूस मारणाऱ्याच्या बाजूने बसतो, मार खाल्लेल्याच्या बाजूने त्या खोलीत कोणीच नसतं. बदल सुरू करायचा तर तिथून करा : जखमी खेळाडूचा वैद्यकीय अहवाल आणि हवं तर त्याचं म्हणणं, त्याने स्वतः निवडलेल्या माणसाकडून.

शेवंता_ऑकव्हिल
धागा फार उपयोगी आहे. एक साधा प्रश्न : लहान मुलांच्या हॉकीत यातलं काय लागू होतं? दहा-अकरा वर्षांच्या मुलाला काय सांगायचं?

फळीजवळ
ताई, त्या वयात अंगावर धडक द्यायलाच मनाई आहे. अमेरिकेत २०११ पासून आणि कॅनडात २०१३ पासून, अकरा-बारा वर्षांच्या गटापर्यंत. तरी फळीजवळ धक्के बसतातच, म्हणून शिकवायचं ते हे : पक घ्यायला फळीकडे जाताना सरळ काटकोनात जायचं नाही, तिरकं जायचं. पोचण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघायचं. धोक्याच्या त्या तीन-चार फुटांत थांबायचं नाही, एक तर बाहेर राहायचं, नाहीतर पूर्ण फळीला चिकटायचं, स्केट, नितंब आणि खांदा तिन्ही टेकवून. मान खाली घालायची नाही. धडक बसणार असं वाटलं तर हनुवटी वर आणि हात पुढे, म्हणजे काचेवर आधी हातमोजे लागतात. आणि समोरच्याच्या पाठीवरचा नंबर दिसला की हात आखडायचे. बऱ्याच क्लबांत मुलांच्या जर्सीवर पाठीला 'स्टॉप'ची लाल पट्टी शिवतात ती याचसाठी. तुमच्या क्लबात नसेल तर मॅनेजरकडे मागा, मानेच्या खाली, नंबरच्या वर शिवतात.

शेवंता_ऑकव्हिल
आभार. शनिवारच्या सरावाआधी तिरकं जाण्याचं त्याला अंगणात चालून दाखवते.